आधी यादी, मग खरवस

नागनाथअण्णांच्या नाकाची दक्षिण बेंगळुरूत चांगलीच वट होती. आता नाक कुणाला नसतं? पण अण्णांचं नाक सरकारी नोकरीत होतं. एकतीस वर्षं ते आरोग्य खात्यात निरीक्षक. खासगी नर्सिंग होमच्या दारात पाऊल टाकायचं, दोनदा श्वास ओढायचा, की इथं कारभार ठीक आहे का नाही ते कळतं, असं त्यांचं ठाम मत. "यादी-बिदी मागनं भरायची. पहिला वास घ्यायचा," असं ते नव्या पोरांना शिकवत. नवी पोरं बिचारी मान डोलवत आणि फिनेलचा वास घेऊन परत येत.

माणूस मात्र सरळ. जन्म निपाणीचा, शिक्षण बेळगावात, आणि नोकरीनं बेंगळुरूला आणलं ते बसवनगुडीचेच झाले. कचेरीत कन्नड, घरात मराठी, आणि चिडले की दोन्हींची मिसळ. कुणाच्या दवाखान्यात त्यांनी कधी चहाचा घोट घेतला नाही, ही त्यांची ख्याती. कॉफीचा पेला पुढं आला रे आला की "बेडा, बेडा" करत हात आडवा. त्यांची बायको सुलभा सांगायची, "स्वतःच्या लग्नात पंगतीला बसायच्या आधी हे आचाऱ्याचे हात बघून आले होते." आणि त्यात तिखटमीठ लावलेलं काही नव्हतं.

तर अशा माणसाची शंभर प्रश्नांच्या एका यादीनं कशी जिरवली, आणि जिरली ते किती बरं झालं, ते सांगतो.

झालं असं की सरकारच्या मनात एक नवा नियम घोळत होता. प्रत्येक नर्सिंग होमच्या दारावर तपासणीचे गुण लावायचे, शंभरपैकी किती ते, रस्त्यानं जाणाऱ्याला वाचता येतील एवढ्या मोठ्या अक्षरांत. पण वर कुणीतरी शहाणं माणूस बसलेलं असावं. त्यानं विचारलं, की हे गुण खरे कशावरून? एकाच जागी दोन निरीक्षक गेले तर दोघांचे गुण जुळतात का, ते आधी बघा, मग नियम करा. म्हणून चव्वेचाळीस नर्सिंग होम निवडली. प्रत्येक ठिकाणी पंधरा दिवसांच्या आत दोघांनी जायचं, एकमेकांचे गुण न बघता. एक अण्णा, आणि दुसरा त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान असलेला हासनचा दयानंद. कोण कुठं कधी जाणार ते चिठ्ठ्या टाकून ठरायचं.

"एकतीस वर्षं घासली आणि आता मला चिठ्ठी टाकून पाठवतात," अण्णा घरी येऊन कुरकुरले. "भिशी आहे काय ही?"

ऐकायला घरात त्या वेळी दोघीजणी होत्या. सुलभा आणि त्यांची एकुलती एक मुलगी रंजिता. रंजिता इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला, नवरा अजिंक्यही तिथलाच. सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं आणि रिवाजाप्रमाणे पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी बसवनगुडीला आली होती. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे दवाखाना निवडायची जबाबदारी बापाची. आणि बाप कोण, तर अख्ख्या भागातले दवाखाने हुंगून बसलेला. त्यामुळे सुलभाला काही काळजीच नव्हती.

अण्णांनी नाव नोंदवलं होतं डॉक्टर विश्वासरावांकडे. गांधी बझारच्या मागच्या गल्लीत बारा खाटांचं नर्सिंग होम, खाली दवाखाना, वर डॉक्टरांचं घर. लख्ख फरशी, दारात तुळस, आणि मुख्य म्हणजे डॉक्टर निपाणीचे. बारा वर्षांपूर्वी अण्णा पहिल्यांदा तपासणीला गेले, तेव्हा आतून आवाज आला होता, "अगं चंपा, कुठं उलथलीस?" परमुलखात अशी हाक कानावर पडली की माणसाचं काय होतं ते ज्याचं त्याला ठाऊक. अण्णांचं काळीज लोण्यासारखं झालं. तेव्हापासून दर तपासणीला डॉक्टर म्हणायचे, "या की नागनाथराव, बसा की," आणि चंपा सिस्टर, ती चिकोडीची, बशीतून खरवसाची वडी आणायची. डॉक्टरांचा गवळी चाळीस म्हशींचा धनी, त्यामुळे कुठली ना कुठली म्हैस व्यालेलीच असायची. वेलदोडा घातलेला, गारेगार खरवस. चहा अण्णा घेत नसत. पण खरवसाला काय कुणी चहापाणी म्हणतं? ते तर घरचं खाणं. खात खात अण्णा विचारायचे, "ऑक्सिजनचा सिलिंडर भरलेला आहे ना?" डॉक्टर म्हणायचे, "आहे की." अण्णा टिक करायचे.

चव्वेचाळीस जागा फिरून झाल्या आणि एका सकाळी अण्णांना एचएसआर लेआउटमधल्या कचेरीत बोलावणं आलं. आकड्यांचं काम तिथं प्रांजली नावाची मुलगी बघायची. पुण्याची, सव्वीस वर्षांची, मराठीत इंग्रजी कालवून भरभर बोलणारी. अण्णांना ती काका म्हणे. तिनं संगणकावर एक चित्र दाखवलं. तिरकी रेघ, आणि रेघेवर ठिपके.

"काका, हा प्रत्येक ठिपका म्हणजे एक नर्सिंग होम. तुमचे आणि दयानंद सरांचे मार्क्स जुळले की ठिपका रेघेवर येतो. बघा ना, चाळीस ठिकाणी तुम्ही दोघं परफेक्ट जुळताय. मी इतकी खूश झाले. पण हे चार बघा, पार लांब गेलेत. चारही ठिकाणी तुमचे मार्क्स त्यांच्यापेक्षा वीस-तीसनं जास्त. मी वार बघितला, वेळ बघितली, एरिया, खाटा, सगळं लावून बघितलं. काहीच पॅटर्न लागत नाहीये. दयानंद सर नवीन आहेत, त्या दिवशी कडक झाले असतील का?"

अण्णांनी चष्मा पुसला आणि चार नावं वाचली. पहिलं, साताऱ्याच्या बाईंचं. दुसऱ्याचा मॅनेजर खानापूरचा, भजन फार छान म्हणायचा. तिसरे डॉक्टर सोलापूरचे. आणि चौथं नाव विश्वासरावांचं. अण्णांचे ब्याण्णव, दयानंदचे एकसष्ट.

खाई त्याला खवखवे म्हणतात ते खोटं नाही. अण्णांनी आधी पाणी मागितलं. मग विचारलं, "सत्तेचाळीसावा प्रश्न उघड बघू."

सत्तेचाळीसावा प्रश्न औषधांच्या फ्रीजचा होता. आत औषधांखेरीज दुसरं काही नाही ना, आणि तापमान दोन ते आठ अंशांत आहे ना? अण्णांची टिक 'हो' वर. दयानंदची 'नाही' वर, आणि खाली शेरा: 'औषधांच्या शेजारी स्टीलचा डबा, आत गिण्णु. फ्रीज सारखा उघडला जातो. तापमान तेरा.'

गिण्णु म्हणजे कन्नडमध्ये खरवस. अण्णांनी तो खरवस बारा वर्षं खाल्ला होता. तो इतका गार कुठून येतो, हा प्रश्न त्या नामांकित नाकाला एकदाही पडला नव्हता. पुरावा समोर बशीत होता आणि अण्णा तो चमच्यानं संपवत होते.

आणि त्या फ्रीजमध्ये काय असतं ते त्यांना पाठ होतं. बाळंतिणीचं रक्त थांबवायचं इंजेक्शन. ते गार नाही राहिलं तर त्याचा जोर जातो. बाटली तशीच दिसते, लेबल तसंच, पण ऐन वेळी अंगात उतरायचं ते उतरत नाही. आणि दहा आठवड्यांनी त्याच दवाखान्यात रंजिता असणार होती. अण्णा घाबरले.

क्षणभर एक मोह झाला, तोही सांगून टाकतो. "होय, दयानंद जरा कडकच आहे" एवढं म्हटलं असतं तर प्रांजलीनं मान्य केलं असतं. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. रंजिताला गुपचूप दुसरीकडे नेता आलं असतं. पण मग बाकीच्यांच्या रंजिता त्याच दवाखान्यात आल्या असत्या, आणि दारावर ब्याण्णवचा आकडा झळकला असता, अण्णांच्या सहीचा.

"पॅटर्न आहे," अण्णा म्हणाले. "तुझ्या संगणकात तो रकाना नाही. चारही ठिकाणी माझ्याशी मराठी बोलतात."

प्रांजली त्यांच्याकडे बघतच राहिली. मग अण्णांनी खरवसासकट सगळं सांगितलं. ती हसेल असं त्यांना वाटलं होतं. ती हसली नाही, वहीत लिहून घ्यायला लागली. "काका, भाषेचा कॉलम मी ठेवलाच नव्हता," ती म्हणाली. "तुम्ही सांगितलं नसतं तर मला जन्मात कळलं नसतं. बाकीच्या निरीक्षकांचंही असंच काहीतरी असणार ना? कुणाचं गाव, कुणाचं कॉलेज."

अण्णांचं सांगणं वरपर्यंत गेलं आणि नियमाच्या मसुद्यात दोन ओळी वाढल्या. ओळखीच्या जागी निरीक्षकानं जायचं नाही. आणि यादी पूर्ण होईपर्यंत बसायचं नाही, काही तोंडात टाकायचं नाही. ती चार नर्सिंग होम अण्णांनी स्वतःच आपल्याकडून काढून दयानंदकडे दिली. कचेरीतल्या मंडळींनी दुसऱ्या ओळीचं नाव 'खरवसाचं कलम' ठेवलं. अण्णांनी ते हसून घेतलं, म्हणजे घ्यावंच लागलं.

घरी मात्र हसण्यावारी जाण्यातलं नव्हतं. सुलभा ऐकून घेत होती आणि तिची भिवई वर वर चढत होती.

"म्हणजे दुसरीकडे न्यायचं म्हणता?"

"गवीपुरमच्या उतारावर राजलक्ष्मीबाईंचं आहे ना, तिथं. आमच्या दोघांचेही चौऱ्याण्णव आहेत."

"तुम्हीच म्हणायचा, की तिथं भिंतींचे पोपडे पडलेत आणि पायरीवर मांजर बसतं."

"नाक म्हणत होतं. यादी वेगळं म्हणतेय."

"आणि कळा सुरू झाल्यावर पोर 'आई गं' म्हणेल, ते तिथं कुणाला कळणार?"

सुलभाचं काही खोटं नव्हतं. अण्णा म्हणाले, "कळून काय करायचंय सुलभा, इंजेक्शनचं पाणी झालेलं असलं तर?" आत जाऊन तिनं भाताला आधण ठेवलं आणि डोळे पदराला पुसले.

विश्वासरावांना सांगायला अण्णा स्वतः गेले. कागद पोस्टानं गेला असता तरी चाललं असतं. दारात उभ्या उभ्याच बोलले. डॉक्टर आधी तांबडेलाल झाले.

"एकसष्ट? नागनाथराव, निपाणीच्या माणसानं निपाणीच्या माणसाचं नाक कापायचं काय?"

"कापलं ते माझंच कापलंय, डॉक्टर. मी ब्याण्णव दिले होते. न बघता दिले होते. फ्रीज तेरा अंशांवर आहे आणि माझी पोर तुमच्याकडे यायची आहे."

तेरा अंश म्हणजे काय ते डॉक्टरांना समजावून सांगायला नको होतं. गेल्या वर्षी दोन बाळंतिणींचा स्राव लवकर थांबला नव्हता आणि त्यांना मोठ्या इस्पितळात हलवावं लागलं होतं. दोघी वाचल्या. का असं झालं, याचा विचार डॉक्टरांनी तेव्हा फार केला होता, पण फ्रीजचा केला नव्हता. ते खुर्चीत बसले. अण्णा उभेच राहिले.

पुढं सरकारनं पुन्हा चिठ्ठ्या टाकल्या. चव्वेचाळीसपैकी निम्म्यांच्या दारावर गुणांची पाटी लावायची, निम्म्यांना नुसतं पत्र. पाटीनं खरोखर काही फरक पडतो का, तेही मोजून बघायचं होतं. विश्वासरावांच्या नशिबी पाटी आली. दयानंदच्या तपासणीचे एकसष्ट, हातभर उंचीच्या आकड्यांत. डॉक्टरांनी पहिल्या दिवशी तिच्यासमोर जास्वंदीची कुंडी ठेवली. गांधी बझारच्या फुलवाल्या बायका त्या, त्यांनी कुंडी सरकवून वाचलं आणि आत येऊन विचारलं, "डॉक्टर, एकसष्ट म्हणजे पास का नापास?"

दुसऱ्या दिवशी कुंडी परत तुळशीशेजारी गेली आणि डॉक्टर कामाला लागले. दयानंदच्या यादीतला प्रत्येक 'नाही' त्यांनी कागदावर उतरवून जिन्याच्या भिंतीला चिकटवला. खरवसाचा डबा वरच्या मजल्यावर घरी गेला. खाली नवा फ्रीज आला, त्यात थर्मामीटर, आणि दारावर चंपा सिस्टरनं सकाळ-संध्याकाळ तापमान लिहायचा कागद. बेसिनला साबण आला. ऑक्सिजनचा काटा रोज कुणी बघायचा, त्याचं नाव ठरलं.

इकडे अण्णांनी दोन्हीकडे नाव नोंदवून ठेवलं होतं. घरात जाहीर केलं होतं, की पुढच्या तपासणीत नव्वद पडले तर विश्वासराव, नाहीतर राजलक्ष्मीबाई. सुलभानं गणपतीला साकडं घातलं. देवाला नव्वद गुण मागणारी ती पहिलीच बाई असेल.

सहा आठवड्यांनी दयानंद जाऊन आला. पडले एकोणनव्वद.

"नव्वद म्हणजे नव्वद," अण्णा म्हणाले. सुलभानं पातेलं जरा जोरात आपटलं.

रंजिता तोवर पलंगावर पाय लांब करून बसली होती. "अप्पा," ती बापाला म्हणाली, "कशात गेले ते अकरा?"

अण्णांनी गुणपत्रिका तिच्या हातात दिली. तसंही ती आता कुणालाही मागून बघता येत होती. रंजितानं बोट ठेवून ओळ न ओळ वाचली. दरपत्रक मोठ्या अक्षरांत नाही. कचऱ्याच्या पिवळ्या डब्याला झाकण नाही. जिन्याला एका बाजूला कठडा नाही. असं करत करत अकरा. मग प्रसूतीच्या खोलीचे चोवीस प्रश्न वाचले. चोवीसच्या चोवीस 'हो'. सत्तेचाळीसावाही 'हो', तापमान चार.

"मी काही जिन्यावर बाळंत होणार नाहीये," ती म्हणाली. "विश्वासरावांकडे जाऊ. चंपा सिस्टरला मराठी येतं ते वेगळंच."

एकतीस वर्षं यादी भरणाऱ्या अण्णांना पोरीनं ती वाचायची कशी ते शिकवलं. त्यांना राग यायला हवा होता. त्यांचा ऊर भरून आला.

दिवस भरले तसं एका गुरुवारी सकाळी रंजिताला कळा सुरू झाल्या. अजिंक्य धावत आला, उंच पुलावरची वाहनं कशी अडली होती ते दोनदा सांगून झालं, पण ऐकायला कुणाचं लक्ष नव्हतं. सुलभा आत. अण्णा बाहेर, भिंतीला टेकून उभे. चंपा सिस्टर येता-जाता म्हणायची, "अण्णा, स्वल्प बसा की. पाय दुखतील." अण्णा मान हलवून नको म्हणायचे. बारा वाजले, एक वाजला. "आई गं" ऐकू येत होतं आणि त्यावर चंपाचं "झालं गं बाई, झालं, अजून एकदा" हेही.

दोनला पाच मिनिटं असताना बाळ रडलं. अजिंक्यनं अण्णांना मिठी मारली. पण दार लगेच उघडलं नाही. उघडलं तेव्हा चंपा भरभर बाहेर आली आणि तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. कोपऱ्यातल्या फ्रीजचं दार तिनं उघडलं. अण्णांना आतलं सगळं दिसलं. औषधं, औषधं आणि औषधं. दारावरच्या कागदावर सकाळचा आकडा, चार. तिनं इंजेक्शन उचललं आणि आत गेली.

अण्णांनी आयुष्यात पुष्कळ देव केले होते, पण त्या दहा मिनिटांत त्यांना एकही आठवला नाही. फक्त तो चारचा आकडा डोळ्यांसमोर होता. आपण तेव्हा गप्प बसलो असतो तर तिथं तेरा असता, हे त्यांना कळत होतं.

मग डॉक्टर बाहेर आले. टोपी काढली. "स्राव जरा जास्त होता. थांबला. झटक्यात थांबला. मुलगी झाली, नागनाथराव. दोघी ठणठणीत."

अण्णांनी डॉक्टरांचे दोन्ही हात धरले. दोघेही निपाणीचे, दोघांनाही रडणं लपवता येत नाही.

तासाभरानं प्रांजलीचा फोन आला. तिच्याकडे चव्वेचाळीस ठिकाणांचे आकडे जमले होते. पाटीवाल्या जागांचे गुण सरासरी चौदांनी वाढले होते, नुसत्या पत्रवाल्यांचे तिनांनी. आता नियम होणार असं दिसत होतं. अण्णांनी तिला नातीची बातमी सांगितली आणि फ्रीजचीही.

"अय्या, काका, काँग्रॅट्स," ती म्हणाली. मग तिला राहवेना. "पण एका केसवरून काही सिद्ध होत नाही हां."

"ठाऊक आहे गं बाई. तुझ्या चव्वेचाळीसांचं तू बघ," अण्णा म्हणाले. "आमच्या घरात एकच आहे."

फोन ठेवून ते आत गेले. रंजिता दमून हसत होती. सुलभाच्या मांडीवर दुपट्यात गुंडाळलेली नात, नाक थेट अण्णांचं. डॉक्टर दारात उभे होते आणि त्यांच्या हातात बशी होती.

"आता तरी बसा, नागनाथराव. सकाळपासून उभे आहात."

अण्णांनी रंजिताकडे पाहिलं. नातीची बोटं मोजली, दहा भरली. मग मान मागं वळवून दाराबाहेरच्या फ्रीजवरच्या कागदाकडेही एकदा पाहिलं, आणि खुर्ची ओढली.

"खरवस कुठला?" त्यांनी विचारलं.

"वरचा. घरच्या फ्रीजमधला."

"मग आणा इकडं," अण्णा म्हणाले, आणि बसले.